दुपारी शेडमधले ठरावीक कॉम्प्युटरच बंद पडतात: लिंक ॲग्रिगेशनमधला न दिसणारा दोष

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क माझ्याकडे आहे. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, तिथून एकही तक्रार नव्हती. मार्चच्या मध्यापासून मात्र रोज दुपारी दोन-अडीचला फोन वाजायला लागला. "सर, शेडमधलं नेट गेलं." मी गाडी काढून पोचेपर्यंत कुणीतरी रॅकचं बटण बंद-चालू केलेलं असायचं आणि सगळं सुरळीत चाललेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे जवळजवळ सात आठवडे चाललं. कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं की असाच जोड सोलापुरातल्या अनेक कारखान्यांत, दवाखान्यांत आणि कॉलेजांत असणार, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी मांडणी सांगतो. ऑफिसच्या इमारतीत सर्व्हर, इंटरनेटचा राउटर आणि एक सिस्को कंपनीचा कॅटलिस्ट स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र). विणकाम शेडमध्ये तसाच दुसरा स्विच. मधलं अंतर १८० मीटरच्या आसपास. कॉपर केबलवर गिगाबिटची हद्द १०० मीटर, म्हणून फायबरच्या दोन जोड्या टाकलेल्या. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश आणि कॉपरचा विद्युत सिग्नल एकमेकांत बदलणारा डबा) आणि तिथून कॉपरची छोटी वायर स्विचच्या २३ आणि २४ नंबरच्या पोर्टला. दोन्ही स्विचवर हे दोन पोर्ट एकत्र बांधून पोर्ट-चॅनेल १ केलेला. यालाच लिंक ॲग्रिगेशन म्हणतात, सिस्कोच्या भाषेत इथरचॅनेल; पुढे मी याला गठ्ठा म्हणतो. एक लिंक तुटली तरी दुसरीवर काम चालावं, हा उद्देश. हे काम माझ्या आधी झालेलं होतं आणि कागदावर ते बरोबरच दिसत होतं.

तक्रार नीट ऐकणं

पहिले काही आठवडे मी "नेट गेलं" एवढंच ऐकून कामाला लागत होतो. ती चूक होती. मग एका दुपारी शेडमध्येच बसून राहिलो आणि दोष आला तेव्हा कुणालाही काही बंद करू दिलं नाही. शेडमध्ये अकरा कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या पाचांवर ईआरपी (कारखान्याच्या कामकाजाचं, सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर) बंद पडलं. उरलेल्या सहांवर ते चालू होतं, पण त्या सहांवर इंटरनेट नव्हतं. डिस्पॅचच्या मॅडमना ई-वे बिल काढता येईना आणि गेटवर माल भरलेला ट्रक उभा. ऑफिसात मात्र इंटरनेटसुद्धा व्यवस्थित. बंद पडलेले पाच जण एकमेकांना पिंग करत होते (हाक मारली की उत्तर येत होतं), म्हणजे शेडचा स्विच जिवंत होता.

शेडमधले जॉबर (मागांवरचे मुकादम) म्हणाले, "सर, रोज हेच पाच जातात. तो कोपऱ्यातला बारकोडवाला कधीच जात नाही." त्यांनी हे आधीही दोनदा सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. निदानाची सगळी किल्ली त्याच वाक्यात होती. रोज तेच कॉम्प्युटर जातात म्हणजे दोष यादृच्छिक नाही, कुठलातरी ठरलेला नियम त्यांना निवडतो आहे.

मी तिथूनच ऑफिसच्या स्विचवर लॉगिन केलं आणि "शो इथरचॅनेल समरी" ही आज्ञा दिली. पोर्ट-चॅनेल १ पुढे "एसयू", म्हणजे लेयर दोनचा (स्विचिंगच्या थरातला) आणि वापरात. दोन्ही पोर्टपुढे "पी", म्हणजे गठ्ठ्यात सामील. स्विचच्या मते सगळं ठीक. लॉगमध्ये एक ओळ नाही. माझा मॉनिटरिंगचा कॉम्प्युटर ऑफिसातून शेडच्या स्विचला दर मिनिटाला पिंग करत होता, तोही हिरवा. रॅक बंद-चालू केल्याची काही मिनिटं सोडली तर सात आठवडे हिरवाच होता.

हिरवा का होता

लिंक ॲग्रिगेशनमध्ये पॅकेट आळीपाळीने एकदा या वायरवर, एकदा त्या वायरवर असे जात नाहीत. तसे गेले तर क्रम मोडतो आणि टीसीपीचा (डेटा क्रमाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा) वेग पडतो. म्हणून स्विच पॅकेटमधले काही आकडे घेतो, त्यांचं हॅश (ठरलेल्या गणिताने निघणारा छोटा आकडा) काढतो आणि त्यावरून वायर निवडतो. एका संभाषणाची सगळी पॅकेटं एकाच वायरवरून जातात. आमच्या स्विचवर मूळ सेटिंगच होतं: पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. म्हणजे शेडमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वायर त्याच्या मॅकवरून कायमची ठरलेली. सहांच्या वाट्याला २३, पाचांच्या वाट्याला २४.

२४ नंबरची वाट मधेच तुटली आणि स्विचला ते कळलंच नाही, तर ते पाच जण विहिरीत पॅकेट टाकत राहतात. ऑफिसकडूनही तसंच. सर्व्हरचा मॅक २३ वर बसला होता, म्हणून सहा जणांना ईआरपीची उत्तरं मिळत होती. राउटरचा मॅक २४ वर बसला होता, म्हणून शेडमध्ये कुणालाच इंटरनेट मिळत नव्हतं. माझा मॉनिटरिंगचा कॉम्प्युटर आणि शेडचा स्विच, दोघंही २३ वर. त्यामुळे दोष असतानाही पिंग कधीच चुकलं नाही. गठ्ठ्यापलीकडच्या एका यंत्राला पिंग करून गठ्ठा तपासता येत नाही, ती फक्त एका वायरची तपासणी होते.

हे नुसतं तर्काने पटण्यासारखं नव्हतं, म्हणून पुरावा काढला. अनेक कॅटलिस्टवर एक आज्ञा आहे: "टेस्ट इथरचॅनेल लोड-बॅलन्स इंटरफेस पोर्ट-चॅनेल १ मॅक", आणि पुढे पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा मॅक. हे पॅकेट कोणत्या पोर्टने जाईल ते स्विच सांगतो. शेडच्या स्विचवर अकराही मॅक एकेक करून घातले. बंद पडणारे पाचही २४ वर निघाले, उरलेले सहा २३ वर. त्या क्षणी कारण समोर आलं.

"काही जणांचं चालतं, काही जणांचं नाही, आणि रोज तेच" असं चित्र असेल तर आधी गठ्ठ्याकडे बघा. डीएचसीपी (आपोआप आयपी देणारी सेवा), अँटिव्हायरस, विंडोज अपडेट यांच्या मागे लागू नका. मी लागलो होतो, दोन आठवडे त्यात गेले.

वाट कुठे तुटत होती

शेडच्या टोकाचे कन्व्हर्टर एका बंद पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी छताच्या पत्र्याखाली, उंचावर. सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको, बाहेरच पारा चाळिशीच्या वर जातो. त्या पेटीत हात घातला तर चटका बसत होता. स्वस्त कन्व्हर्टरांच्या मागे शून्य ते ४० अंश असं लिहिलेलं असतं, आमच्यावरही तेच होतं. दुपारी त्यातल्या एकाचा फायबरचा भाग दम तोडत होता. फायबरचा दिवा विझायचा, कॉपरचा दिवा मात्र दोन्ही टोकांना जळतच राहायचा. स्विचला फक्त कॉपरची बाजू दिसते. वायर लागलेली आहे, समोरून सिग्नल आहे, म्हणजे लिंक वर आहे असं तो मानतो.

रॅक बंद-चालू केल्यावर सगळं सुरू का व्हायचं, हेही उलगडलं. कन्व्हर्टरचे ॲडॅप्टर स्विचच्याच पट्टीवर लावलेले होते. बटण बंद केलं की कन्व्हर्टरलाही पाच मिनिटं विश्रांती मिळायची. स्विचला रीस्टार्टची गरज नव्हतीच, आणि रीस्टार्टने "बरं" होतं म्हणून सगळे स्विचलाच दोष देत होते. मालकांनी तर नवीन स्विचची चौकशीही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, सगळं थंड आणि चालू असताना, ऑफिसच्या बाजूची २४ ची छोटी वायर काढली. ऑफिसच्या स्विचला पोर्ट पडल्याचं कळलं, त्याने सगळं २३ वर वळवलं. शेडच्या स्विचला काहीच कळलं नाही. त्याचा कन्व्हर्टर अजून त्याला दिवा दाखवत होता. आणि तेच पाच कॉम्प्युटर बंद पडले. जॉबर म्हणाले, "आत्ता तर ऊन पण नाही, कशानं गेलं?" मग शेडच्या बाजूची वायरही काढली. काही सेकंदांत अकराही चालू. एकाच वायरवर सगळे जण नीट चालत होते, दोन वायरींवर अर्धे बंद पडत होते.

ही चाचणी प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्यावर एकदा करून बघावी असं मला मनापासून वाटतं. जोड बसवला त्याच दिवशी, कामाची घाई नसताना, एका टोकाची एक वायर काढा आणि दुसऱ्या टोकाच्या स्विचला ते कळतं का बघा. मग दुसरी काढा. फक्त दिवे बघून काम पूर्ण झालं असं म्हणू नका.

मूळ चूक: "मोड ऑन"

दोन्ही स्विचवर "चॅनेल-ग्रुप १ मोड ऑन" असं लिहिलेलं होतं. याला स्टॅटिक गठ्ठा म्हणतात. यात दोन्ही बाजू एकमेकींशी काहीच बोलत नाहीत. पोर्टचा दिवा लागला की तो गठ्ठ्यात, एवढाच हिशोब. पलीकडे कोण आहे, पोचतंय का, याची चौकशी नाही.

याच्यावर उपाय म्हणजे एलएसीपी, लिंक ॲग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल. हे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातलं आहे. २००० साली ते ८०२.३एडी या नावाने आलं आणि २००८ पासून ८०२.१एएक्स या मानकात आहे. कंपन्यांच्या कागदांवर दोन्ही नावं दिसतात, गोष्ट एकच. प्रत्येक पोर्टवरून दोन्ही बाजू ठरावीक वेळाने एकमेकींना छोटं पॅकेट पाठवतात. मी अमुक स्विच, हा माझा अमुक पोर्ट, आणि तुझ्याकडून मला हे ऐकू आलं. ऐकू येणं थांबलं की तो पोर्ट गठ्ठ्यातून बाहेर, मग दिवा जळत असला तरी. संथ गतीत दर ३० सेकंदांनी पॅकेट येतं आणि ९० सेकंद वाट पाहिली जाते. जलद गतीत दर सेकंदाला येतं आणि ३ सेकंदांत निर्णय होतो. मध्ये कन्व्हर्टर असेल आणि स्विच जलद गती देत असेल तर दोन्ही टोकांना "एलएसीपी रेट फास्ट" लावा. एका टोकाला लावल्याने फक्त ते टोक समोरच्याकडून लवकर पॅकेटं मागतं, दुसरं टोक ९० सेकंदच थांबतं. ईआरपीचं सत्र तुटायला ९० सेकंद पुष्कळ झाले.

मोड दोन आहेत. ॲक्टिव्ह म्हणजे स्वतःहून बोलणारा, पॅसिव्ह म्हणजे कुणी बोललं तरच उत्तर देणारा. दोन्ही बाजू पॅसिव्ह ठेवल्या तर कुणीच सुरुवात करत नाही आणि गठ्ठा बनत नाही. एक बाजू ॲक्टिव्ह आणि दुसरी ऑन, हे तर सगळ्यात वाईट. एका स्विचला वाटतं एकच जाड लिंक आहे, दुसऱ्याला वाटतं दोन सुट्या लिंक आहेत. मग मॅक एका पोर्टवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, लॉगमध्ये मॅक फ्लॅपच्या ओळी येतात, आणि इथरचॅनेल गार्ड (असा न जुळणारा गठ्ठा पकडणारी सोय) चालू असेल तर पोर्ट एरर-डिसेबल होतात, म्हणजे स्विचच ते बंद करतो. माझं मत सरळ आहे: दोन्ही टोकांना ॲक्टिव्ह ठेवा, विचार करत बसू नका.

बदल करताना

चालू गठ्ठा ऑनवरून ॲक्टिव्हवर नेताना घाई केली तर शेडचा संपर्कच तुटतो आणि उन्हात पळावं लागतं. एका गठ्ठ्यात एक पोर्ट ऑन आणि दुसरा ॲक्टिव्ह असं सिस्को स्वीकारतही नाही, "प्रोटोकॉल मिसमॅच" म्हणून आज्ञा नाकारतो. मी असं केलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, एक जण शेडमध्ये फोन घेऊन उभा. आधी दोन्ही टोकांची २४ ची वायर प्रत्यक्ष काढली. मग शेडच्या स्विचवर पोर्ट २४ वर "नो चॅनेल-ग्रुप", आणि त्यानंतर "चॅनेल-ग्रुप २ मोड ॲक्टिव्ह". दूरचं टोक नेहमी आधी. मग ऑफिसच्या स्विचवर तेच. नवीन पोर्ट-चॅनेल २ ला ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच जोडावरून नेणारं सेटिंग) आणि व्हीलॅनची (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कची) यादी जुन्यासारखीच दिली. नंतर २३ ची वायर काढली आणि २४ ची लावली. दोन्ही गठ्ठ्यांच्या वायरी एकाच वेळी लागू दिल्या नाहीत, म्हणजे लूपचा (पॅकेटं गोल-गोल फिरत राहण्याचा) प्रश्नच नाही. "शो इथरचॅनेल समरी" मध्ये २४ पुढे "पी" दिसलं, पिंग आलं, मग २३ ला दुसऱ्या गठ्ठ्यात घेऊन वायर लावली. जुना पोर्ट-चॅनेल १ शेवटी पुसून टाकला. दोन्ही टोकांना "राइट मेमरी". हे विसरलात तर पुढच्या वेळी लाईट गेली की जुनी चूक परत येईल.

त्याच आठवड्यात गठ्ठ्याचं लोड-बॅलन्सही (वायर निवडायचा नियम) "सोर्स-डेस्टिनेशन आयपी" वर, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा दोघांच्या आयपीवर नेलं. आधी ऑफिसकडून शेडकडे जाणारा ईआरपीचा सगळा भार सर्व्हरच्या एका मॅकमुळे एकाच वायरवर होता, तो आता वाटला गेला.

पुढच्या महिन्यात कन्व्हर्टर काढूनच टाकले. दोन्ही स्विचवर एसएफपीचे (फायबरच्या छोट्या मॉड्यूलचे) खाचे रिकामे पडलेले होते. पिवळ्या वेष्टनाची सिंगल मोड फायबर होती, तिला १३१० नॅनोमीटरचे एलएक्स मॉड्यूल लावले आणि फायबर थेट स्विचमध्ये. आता फायबर तुटली की स्विचला तत्काळ कळतं. तरीही एलएसीपी ठेवला. फायबर शाबूत असून समोरचा स्विच गोठला, किंवा वायर चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये कुणी खुपसली, तर दिवा काही सांगत नाही.

कन्व्हर्टर बदलायला पैसे नसतील तर त्यावर "लिंक फॉल्ट पास-थ्रू" नावाचं छोटं बटण आहे का बघा. ते चालू केलं की फायबर पडल्यावर कन्व्हर्टर कॉपरची बाजूही पाडतो. दोन्ही टोकांच्या कन्व्हर्टरवर ते चालू असावं लागतं. काही स्वस्त स्मार्ट स्विच फक्त स्टॅटिक गठ्ठाच देतात, तिथे हाच एक आधार आहे. आणि ज्या स्विचला कसलंच सेटिंग नाही, अशा दोन स्विचमध्ये "वेग वाढेल" म्हणून दोन वायरी कधीही लावू नका. तो गठ्ठा होत नाही, लूप होतो, आणि सगळं दुकान बसतं.

नंतर आलेला दुसरा दोष

एसएफपीवर नेताना त्या खाच्यांपैकी २६ नंबरचा पोर्ट गठ्ठ्यात येईना. समरीमध्ये त्याच्यापुढे लहान "एस" दिसत होता. गठ्ठ्याच्या नावापुढचा मोठा "एस" म्हणजे लेयर दोन, आणि पोर्टपुढचा लहान "एस" म्हणजे निलंबित. अक्षर एकच असल्याने नवीन माणूस इथे हमखास फसतो. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की व्हीलॅनचा संच वेगळा आहे. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन ३० कुणीतरी पोर्ट-चॅनेलवर नंतर वाढवला होता, नव्या पोर्टवर तो नव्हता. गठ्ठ्यातल्या सगळ्या पोर्टांचा वेग, डुप्लेक्स, ट्रंकचा प्रकार आणि व्हीलॅनची यादी जुळलीच पाहिजे. बदल करायचा तो पोर्ट-चॅनेल इंटरफेसवर करा, तिथून तो गठ्ठ्यातल्या सदस्य पोर्टांपर्यंत आपोआप जातो. एकट्या पोर्टवर हात लावला की तो पोर्ट बाहेर पडतो.

पोर्टपुढे "आय" दिसला तर तो सुटा चालला आहे, म्हणजे समोरून एलएसीपीचं उत्तर नाही. "डी" म्हणजे वायरच खाली आहे.

सर्व्हरच्या बाजूचं थोडक्यात. लिनक्स सर्व्हरला दोन वायरी असतील तर बाँडिंगचा (लिनक्समधल्या गठ्ठ्याचा) मोड स्वतः लिहा. लिहिला नाही तर तो शून्य नंबरचा, आळीपाळीने पॅकेट टाकणारा मोड घेतो, आणि एलएसीपीच्या स्विचसमोर त्याने गोंधळ होतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्येही मूळ मोड तोच आहे. हवा तो ८०२.३एडी, लिनक्सवर चार नंबरचा. प्रॉक फोल्डरमधल्या नेट, त्यातल्या बाँडिंग फोल्डरमधली बाँड शून्यची फाईल वाचा. "पार्टनर मॅक ॲड्रेस" पुढे सगळी शून्यं असतील तर स्विच तुमच्याशी बोलतच नाही. "लिंक फेल्युअर काउंट" वाढत असेल तर वायर किंवा मॉड्यूल बघा.

मालकांचा एक प्रश्न रास्त होता: "दोन वायरी आहेत, मग टॅलीचा बॅकअप दुप्पट वेगाने का जात नाही?" कारण तो एकाच यंत्राकडून दुसऱ्या एकाच यंत्राकडे जाणारा एकच प्रवाह आहे, त्याला एकच वायर मिळते. एक गिगाबिटपेक्षा जास्त त्याला मिळणार नाही. फायदा दिसतो तो दहा जण एकदम काम करत असताना. एकाच प्रवाहाला वेग हवा असेल तर १० गिगाबिटचा पोर्ट घ्यावा लागेल. आणि सदस्य दोन, चार, आठ असे ठेवलेले बरे. बऱ्याच कॅटलिस्टवर हॅशचे आठ कप्पे असतात, तीन वायरींत ते ३, ३ आणि २ असे वाटले जातात.

लक्ष कसं ठेवायचं

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. गठ्ठ्याचा एक सदस्य गेला की वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि गठ्ठा त्यासाठीच बांधतात. पण ज्याच्यावर नेटवर्कची जबाबदारी आहे त्याला कळलंच पाहिजे, नाहीतर दुसरी वायर जाईपर्यंत कुणी पहिलीकडे बघत नाही. अनेक ठिकाणी मी गेलो तेव्हा गठ्ठा म्हणून जे होतं त्यात एकच वायर चालू होती, आणि कधीपासून ते कुणालाच माहीत नव्हतं.

ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. झॅबिक्सनेही हेच होतं. एसएनएमपीने (यंत्रांची स्थिती विचारण्याच्या प्रोटोकॉलने) तो कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी दोन्ही स्विचना विचारतो. मी तीन इशारे लावले. पहिला, प्रत्येक सदस्य पोर्टची चालू-बंद स्थिती, गठ्ठ्याची वेगळी आणि सदस्यांची वेगळी. दुसरा, पोर्ट-चॅनेलचा "आयएफ हायस्पीड", म्हणजे मेगाबिटमधला वेग: तो २००० असायला हवा, १००० झाला की एक सदस्य गेला. एलएसीपीने बाहेर काढलेला पण दिवा जळत असलेला पोर्टसुद्धा यात पकडला जातो, म्हणून हा इशारा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिसरा, स्विचचा सिसलॉग (लॉगच्या ओळी) त्याच कॉम्प्युटरवर पाठवला आणि "अनबंडल" हा शब्द आला की मोबाइलवर निरोप. पोर्ट गठ्ठ्यातून बाहेर पडला की सिस्को तशी ओळ लिहितो.

सिसलॉगच्या आधी दोन्ही स्विचना एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) वेळ लावा. आमच्या स्विचच्या लॉगमध्ये १ मार्च १९९३ पासून मोजलेली वेळ होती, जुने कॅटलिस्ट तिथूनच सुरुवात करतात. अशा लॉगवरून "दुपारी अडीचला जातं" हे कधीच कळलं नसतं.

भाराचे आलेख काढताना ६४ बिटांचे काउंटर (पोर्टवरून किती बाइट गेले ते मोजणारे आकडे) निवडा. ३२ बिटांचा काउंटर पूर्ण भरलेल्या गिगाबिट लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, पाच मिनिटांच्या मोजणीत तो आकडा निरर्थक ठरतो. सदस्यांचे आलेख शेजारी-शेजारी ठेवा. एक वायर कायम भरलेली आणि दुसरी रिकामी दिसली तर हॅशचं सेटिंग बदला. एकीवर पाठवणं आहे पण घेणं शून्य आहे असं दिसलं तर लगेच उठा, ती वाट मधेच तुटलेली आहे. मोड ऑनच्या दिवसांत असा आलेख माझ्याकडे असता तर सात आठवडे गेले नसते.

एसएफपीवर आल्यावर "शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर" मधून प्रकाशाची ताकद कळते. आमच्या मॉड्यूलला उणे ३ ते उणे १९ डीबीएमपर्यंतचा प्रकाश चालतो. आकडा उणे १९ च्या जवळ सरकायला लागला की कनेक्टर साफ करायची वेळ झाली. विणकाम शेडमध्ये हे विसरून चालत नाही. सूत तुटू नये म्हणून तिथे हवेत ओलावा ठेवतात आणि रुईची बारीक धूळ सगळीकडे असते. दोन्ही मिळून कनेक्टरवर थर बसतो. सदऱ्याने पुसू नका, तोंडाने फुंकू नका, फायबरच्या साफसफाईचं पेन मिळतं ते वापरा. चालू फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊ नका. रिकाम्या खाचांना रबरी टोपणं लावून ठेवा.

एक सेटिंग मी मुद्दाम लावलं नाही: "मिन-लिंक्स २". त्याने दोनपेक्षा कमी सदस्य राहिले की अख्खा गठ्ठा खाली जातो. दुसरा मार्ग असेल तिथे ते योग्य आहे. आमच्याकडे दुसरा मार्ग नाही, एका वायरवर सगळं शेड चालतं, मग ती उरलेली वायरही का पाडायची?

पेटीही खाली आणली, डोक्याच्या उंचीवर, सावलीच्या भिंतीवर, दोन छोटे पंखे आणि जाळी लावून. जाळी दर पंधरा दिवसांनी झटकायचं काम जॉबरनी स्वतःहून घेतलं.

यंदा मे महिन्यात एका दुपारी पावणेतीनला मोबाइलवर निरोप आला: शेड, पोर्ट २६ गठ्ठ्याबाहेर, हायस्पीड १०००. मी तेव्हा होटगी रोडला दुसऱ्या कामात होतो. जॉबरना फोन केला. ते म्हणाले, "इथं सगळं चालू आहे सर, काय झालं?" दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं, उंदराने पॅच कॉर्ड कुरतडली होती. ती बदलली, समरीमध्ये दोन "पी" बघितले, आणि निघालो.